अमेरिकेचं टॅरिफ, आपला कांदा आणि न्याय्य व्यापार : आधी आपण तरी नियम पाळतो का?

चांदवडकर (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. अमेरिकेने २०२५ मध्ये लावलेल्या ५० टक्के टॅरिफवर (आयातशुल्कावर) इथे दोन धागे तुफान पळतायत, वाचले सगळे. अन्याय झाला, दादागिरी आहे, आधी २५ टक्के आणि मग रशियाच्या तेलाचं निमित्त करून २७ ऑगस्ट २०२५ पासून आणखी २५, सगळं मान्य. कोळंबीवाले, कपडेवाले, हिरेवाले अडकले, त्यांच्याबद्दल वाईटच वाटतं. पण आम्ही कांदेवाले हे सगळं वाचून गालातल्या गालात हसतो राव, कारण हे असं रात्रीतून शुल्क लावणं आम्ही आधीच भोगलंय आणि ते लावणारा ट्रम्प नव्हता.

नव्या लोकांसाठी उजळणी करतो. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार, कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे किलोला जवळपास ६७ रुपये, त्याच्या खाली विकायचाच नाही. ८ डिसेंबरला सरळ बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणाले आणि मार्च आल्यावर पुढचा आदेश येईपर्यंत म्हणाले. मग ४ मे २०२४ ला, मतदान तोंडावर आल्यावर, बंदी उठली पण ५५० डॉलर आणि ४० टक्के चिकटूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के झालं, ते १ एप्रिल २०२५ ला गेलं एकदाचं. दीड वर्षात नियम इतक्या वेळा बदलला की आमच्या सोसायटीचा सचिव फळ्यावर लिहायचा आणि पुसायचा.

माझा प्रश्न साधा आहे. जगाने आपल्याशी न्यायाने व्यापार करावा असं आपण म्हणतो तेव्हा आपण स्वतः आपल्या गिऱ्हाइकाशी आणि आपल्या शेतकऱ्याशी न्यायाने वागतो का? राजकीय पक्षांची धुणी इथे धुवू नका, २०१९ ला, २०२० ला पण बंदी होती आणि त्याच्या आधीची सरकारंही धुतल्या तांदळाची नव्हती.

सदाशिवपेठी (सोमवार, रात्री १०:०५)

चांदवडकर, तुमचा राग समजतो पण दुसरी बाजू पण आहे ना. नोव्हेंबरमध्ये ८० रुपये किलो कांदा आम्ही पण घेतलाय आणि मी पगारदार माणूस, मला परवडतो, पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई अर्धा किलो घेऊन जातात त्यांचं काय? देशातल्या लोकांना आधी, उरलं तर बाहेर, हे कुठलंही सरकार करणारच. आणि १९९८ ला दिल्लीत कांद्याने सरकार पाडलंय, कोण कशाला रिस्क घेईल.

चांदवडकर (सोमवार, रात्री १०:२२)

अहो पण ८० रुपयाला तुम्ही घेता तेव्हा आम्हाला ८० मिळतात का? उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये काढायचा, पात कापायची, कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरायचा, पाच-सहा महिने सांभाळायचा. १०० क्विंटल टाकला तर ऑक्टोबरात ६५-७० निघाला तरी देवाला नारळ. घट, सड, कोंब सगळं आमच्या डोक्यावर. मग ट्रॉली भरून बाजार समितीत लायनीत उभं राहायचं, व्यापारी येणार, मूठभर कांदे उचलून बघणार, पाच-दहा सेकंदात बोली संपली. चिठ्ठी घेऊन त्याच्या खळ्यावर जायचं तर तिथे ट्रॉली खाली करताना मधे जोड कांदा निघाला, गोल्टी (बारीक कांदा) निघाली म्हणून भाव तोडणार ते वेगळंच.

आणि भाव वाढला की सरकार लगेच जागं होतं, पडला की कोण येतं? फेब्रुवारी २०२३ आठवा, बार्शीकडच्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळा खर्च कापून २ रुपये मिळाले होते, चेक फिरला होता व्हॉट्सॲपवर. तेव्हा ३५० रुपये क्विंटल अनुदान जाहीर झालं, तेही २०० क्विंटलपर्यंतच. तुमच्या ताईंना स्वस्त कांदा द्यायचा तर जरूर द्या, पण सरकारी तिजोरीतून द्या, माझ्या चाळीतून कशाला?

मंदाकिनी (सोमवार, रात्री १०:३१)

शेवटचं वाक्य +१००

रीफरवाला (सोमवार, रात्री ११:५०)

बरेच दिवसांनी लिहितोय, धागा बघून राहवलं नाही. मी निर्यातीच्या धंद्यात आहे, नाशिकहून माल भरून न्हावा शेवा, तिथून मलेशिया आणि आखात. त्या १९ ऑगस्टच्या शनिवारी आमचे काही कंटेनर पोर्टात होते, काही रस्त्यात होते, काही पॅकिंगला होते. नोटिफिकेशन संध्याकाळी आलं आणि लगेच लागू. चाळीस फुटी रीफरमध्ये (थंड कंटेनरमध्ये) साधारण २८-२९ टन माल बसतो, त्याच्यावर अचानक ४० टक्के. सौदा आधीच्या भावाने झालेला, समोरचा एक सेंट जास्त द्यायला तयार नाही, आणि का देईल? आत गेलेला माल परत काढायचा तर त्याचं भाडं, वीज, डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचा आकार). बांगलादेश बॉर्डरवर ट्रकच्या रांगा, त्यातला कांदा उन्हात घाम सोडायला लागलेला. इकडे लासलगावसकट सगळ्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले.

पैसे गेले त्याचं एक वेळ जाऊ दे. क्वालालंपूरचा माझा बायर, वडिलांच्या वेळेपासूनचा, तो मला म्हणाला की तुझा कांदा चांगला आहे, तिखट आहे, टिकतो, गिऱ्हाईक मागतं, पण तुझ्या देशाचं उद्या काय होईल ते तुलाच माहीत नाही, मग मी दुकान कशाच्या भरवशावर भरू? काय उत्तर देणार मी त्याला. त्या सीझनला त्याने पाकिस्तान आणि चीनकडून घेतला. पाकिस्तानने तर जानेवारी २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य टनाला १२०० डॉलर केलं इतकी त्यांच्या मालाला मागणी आली, ती सगळी आमची मागणी होती. आता शुल्क शून्य झालंय तर बायर परत आलाय, पण निम्माच. उरलेला निम्मा तो दुसऱ्यांकडे ठेवतो, म्हणतो इन्शुरन्स.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ८:१५)

चांगला धागा. नियमांचं थोडं सांगतो कारण दोन्ही बाजूंनी डब्ल्यूटीओचं (जागतिक व्यापार संघटनेचं) नाव घेतलं जाणारच आहे.

गॅट म्हणजे डब्ल्यूटीओचा मूळ व्यापार करार, त्याच्या ११ व्या कलमात आयात-निर्यातीवर सरळ बंदी किंवा कोटा घालू नये असं आहे. पण त्यातच पळवाट आहे, अन्नपदार्थांची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती निर्यातबंदी चालते. डब्ल्यूटीओच्याच शेतीकराराच्या १२ व्या कलमात असं की बंदी घालणाऱ्याने आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि आधी लेखी कळवावं. विकसनशील देशांना यातून सूट आहे, मात्र तो देश त्या वस्तूचा निव्वळ निर्यातदार असेल तर सूट नाही. आता कांद्यात आपण कोण आहोत ते सांगायला नको. निर्यातशुल्काचं म्हणाल तर त्याला गॅट आडवंच येत नाही, हवं तेवढं लावा. म्हणजे कायद्याच्या भाषेत ४० टक्के शुल्क बसतं, 'गंभीर टंचाई' आणि 'तात्पुरती' या दोन्ही शब्दांवर बंदीचं मात्र भांडण होऊ शकतं.

दुसरं, ओईसीडी (श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) आणि इक्रियर (दिल्लीची संशोधन संस्था) यांचा २०१८ चा अभ्यास आहे, कृषी अर्थतज्ज्ञ अशोक गुलाटी त्यात होते. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. खतं, वीज, पाणी सगळी सबसिडी धरून उणे! निर्यातबंद्या, साठामर्यादा वगैरेंनी देशातला भाव जगाच्या भावापेक्षा खाली दाबला जातो त्यामुळे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी हेच ऐंशीच्या दशकापासून सांगत होते, उणे सबसिडी, आणि डंकेल प्रस्तावाला (ज्यातून पुढे डब्ल्यूटीओ आली) सगळा देश शिव्या घालत होता तेव्हा हा एक माणूस म्हणत होता की बाजार उघडा, शेतकऱ्याचा तोटा होणार नाही. त्यांचं सगळं पटतं असं नाही मला, पण हा मुद्दा आकड्यांनी सिद्ध झालाय.

कपाशी_यवतमाळ (मंगळवार, सकाळी ९:०२)

बाजार उघडा म्हणणं सोपं आहे आकडेमोड साहेब, समोरचा उघड्या बाजारात सबसिडीचं पोतं घेऊन बसलाय त्याचं काय करता? अमेरिकेच्या कापूस सबसिडीविरुद्ध ब्राझील डब्ल्यूटीओत गेला, जिंकला, आणि २०१४ ला अमेरिकेने ३०० मिलियन डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, सबसिडी नव्या नावाने चालूच. आणि आता तर अपिलाचं कोर्टच डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, अमेरिका न्यायाधीशच नेमू देत नाही. कोणाकडे मागायचा न्याय?

आणि आपल्याकडे काय झालं, कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. तारीख बघा, १९ ऑगस्ट २०२५! परत १९ ऑगस्टच. आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. म्हणजे आमचा कापूस घरात यायच्या वेळेला बाहेरच्या गाठी बिनशुल्क. २०२५-२६ ला हमीभाव क्विंटलला ८११० रुपये जाहीर झाला लांब धाग्याला, खाजगी व्यापारी तेवढा देत नाही आणि सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) सेंटरवर ओलावा जास्त म्हणून परत पाठवतात. कांद्याला बाहेर जाऊ दिलं नाही, कापसाला आत येऊ दिलं, दोन्हीकडून शेतकरीच.

टॉवेलवाला_सोलापूर (मंगळवार, सकाळी ९:४०)

कपाशी भाऊ, आमचं पण ऐका. सोलापूरचा टॉवेल अमेरिकेत जातो, २०२५ ला ५० टक्क्यांनंतर ऑर्डरी थांबल्या, कारखान्यात पाळ्या कमी केल्या. सूत स्वस्त झालं तर आम्ही दुसरीकडे कुठेतरी उभे राहू शकतो. आमच्याकडे काम करणारे पण गरीबच आहेत. शुल्क काढणं चूक नाही, ज्या वेळेला काढलं ती वेळ चूक.

कपाशी_यवतमाळ (मंगळवार, सकाळी ९:४४)

वेळच तर सगळं आहे ना भाऊ. जूनमध्ये सांगितलं असतं तर मी दोन एकर तूर जास्त लावली असती.

वरूडचा (मंगळवार, दुपारी १:३०)

कांद्याच्या भांडणात आमची संत्री कशी मेली ते सांगतो. आमचा वरूड-मोर्शीचा संत्रा वर्षानुवर्षं बांगलादेशात जायचा, लहान फळसुद्धा तिकडे खपायचं, जे नागपूरच्या मंडीत कोणी विचारत नाही. २०१९ नंतर त्यांनी आयातशुल्क वाढवत नेलं, किलोला २० टका (बांगलादेशचं चलन) होतं ते २०२३ पर्यंत ८८ टका झालं. फळाच्या किमतीपेक्षा शुल्क जास्त. निर्यात बसली, बागा तोडल्या लोकांनी. राज्य सरकारने १७१ कोटींचं अनुदान जाहीर केलं, ते निम्मं शुल्क भरून देणार म्हणून, म्हणजे आपल्या करदात्याचा पैसा घुमून फिरून ढाक्याच्या तिजोरीत.

आमच्याकडे सगळे म्हणतात की तुम्ही त्यांचा कांदा बंद केला म्हणून त्यांनी आमचा संत्रा बंद केला. तसं कागदावर कुठे लिहिलेलं नाही, त्यांना डॉलरची चणचण पण होती. पण तुम्हीच विचार करा, २०१९ ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन भर सभेत हिंदीत म्हणाल्या होत्या की बंदी घालायच्या आधी जरा सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला सांगितलंय कांदा घालू नको. सगळे हसले. आम्ही हसलो नाही.

सदाशिवपेठी (मंगळवार, दुपारी २:१०)

हे संत्र्याचं माहीत नव्हतं. तरी माझा प्रश्न तसाच आहे, भाव १०० ला गेला तर सरकारने काय हात बांधून बसायचं? बफर स्टॉक (सरकारी राखीव साठा) आहे ना नाफेडचा, म्हणजे सरकारसाठी कांदा खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थेचा, त्याचं काय?

चांदवडकर (मंगळवार, संध्याकाळी ७:१५)

बफरचं बोलायचं तर रात्र पुरायची नाही. ऑगस्ट २०२३ ला शुल्कावरून बोंब झाली तेव्हा नाफेड आणि एनसीसीएफ (तशीच दुसरी सहकारी संस्था) क्विंटलला २४१० रुपयाने दोन लाख टन घेतील अशी घोषणा झाली. २४१० कोणाला मिळाला, तर ज्याचा कांदा पंचेचाळीस एमएमच्या वर, लाली टिकलेली, एकसारखा. बाकीचा माल तसाच चाळीत. आमच्या भागात खरेदी शेतकरी कंपन्यांमार्फत होते आणि त्यातल्या काही कंपन्यांनी व्यापाऱ्याचाच कांदा आत ढकलला असं उघड बोललं जातं. आणि गंमत म्हणजे हाच बफर पुढे आमचा नवा लाल (खरीपाचा) कांदा बाजारात आला की बाहेर काढतात.

बफर हवा, माझं ना नाही. पण बफर असताना बंदी कशाला आणि बंदी असताना बफर कशाला? डिसेंबर २०२३ च्या बंदीनंतर आठ-दहा दिवसांत भाव निम्म्यावर आला. चांदवडला हायवेवर रास्ता रोको झाला, शरद पवार साहेब आले होते, मी पण होतो गर्दीत. त्यात तो लाल कांदा, चाळीत टिकतच नाही, काढला की पंधरा-वीस दिवसांत विकायलाच लागतो. उन्हाळवाला निदान थांबू शकतो, लालवाल्याला थांबायची सोयच नाही. पुढे एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असताना गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी दिली तेव्हा इकडे डोकी फिरली, मग घाईघाईने ९९,१५० टनांची बातमी सोडली, सहा देशांना, तीही बरीचशी आधीच दिलेल्या परवानग्यांची बेरीज. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रातल्या मंत्रीणबाई भारती पवार पडल्या त्या उगाच नाही.

डचमराठी (मंगळवार, रात्री ११:३०)

नेदरलँड्समधून लिहितोय. इथल्या झीलँड भागात कांदा भरपूर होतो आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या कांदा निर्यातदारांत हा एवढासा देश आहे. त्यांचा बराच कांदा पश्चिम आफ्रिकेत जातो, सेनेगलला वगैरे. माझ्या ऑफिसमधल्या एकाच्या घरची शेती आहे, त्याच्याशी बोलताना कळलेली गोष्ट सांगतो.

सेनेगल पण दरवर्षी कांद्याची आयात बंद करतो! स्वतःच्या शेतकऱ्याचा कांदा निघतो त्या महिन्यांत बाहेरचा कांदा नाही, तो संपत आला की परत दार उघडतं. वीसेक वर्षं चाललंय हे. मी म्हटलं तुम्ही चिडत नाही का, तर तो म्हणाला चिडायचं काय, साधारण कधी बंद होणार आणि कधी उघडणार ते आम्हाला माहीत असतं, त्या हिशोबाने आम्ही कोल्ड स्टोरेज आणि जहाजं ठरवतो. तारखा थोड्या मागेपुढे होतात तेव्हा कुरकुर करतात, तेवढंच.

म्हणजे बघा, तिथे गरीब देश स्वतःच्या शेतकऱ्याला वाचवायला दार लावतो, आपण स्वतःच्या शेतकऱ्याला आत कोंडायला लावतो. आणि तो आधी सांगून लावतो. मला वाटतं सदाशिवपेठी आणि चांदवडकर यांच्या मधली जागा इथेच कुठेतरी आहे. इथल्या सुपरमार्केटमध्ये फेअरट्रेडचा शिक्का असलेली कॉफी, केळी मिळतात, त्यातही मूळ गोष्ट हीच, बाजार पडला तरी अमुक किमतीच्या खाली जाणार नाही हे शेतकऱ्याला आधी माहीत असतं. (अवांतर: इथला पिवळा कांदा भजीला बेकार आहे, गोड लागतो.)

रीफरवाला (बुधवार, सकाळी ७:२०)

डचमराठी, एकदम बरोबर. आम्हाला शुल्क शून्यच पाहिजे असा हट्ट नाही. सरकारने जानेवारीत सांगावं की लासलगावचा सरासरी भाव महिनाभर अमुक रुपयांच्या वर राहिला तर १० टक्के, तमुकच्या वर २० टक्के, आणि लागू करायच्या आधी पंधरा दिवस मुदत, झालेल्या सौद्यांना सूट. मी बायरला तोच तक्ता पाठवून देईन, तो त्या हिशोबाने भाव लावेल. मॅच चालू असताना बाउंड्री आत-बाहेर करू नका एवढंच.

आकडेमोड (बुधवार, सकाळी ८:४०)

कल्पना चांगली आहे पण दोन अडचणी. एक, असा तक्ता आधी माहीत असला तर भाव त्या रेषेजवळ आला की सगळे निर्यातदार एकदम माल बाहेर ढकलतील, पंधरा दिवसांच्या मुदतीत तर नक्कीच. दुसरी, सरासरी कोणत्या बाजाराची आणि कोण काढणार? लासलगावात आवक थोडी पुढेमागे करून सरासरी हलवणं काही अवघड नाही, हे चांदवडकरांनाही माहीत असेल.

२०२२-२३ ला आपण २५ लाख टन निर्यात केली होती, २०२३-२४ ला ती १७ लाखांवर आली. फरक मोठा आहे आणि त्यातला बराचसा बांगलादेशचा. ते आता स्वतः पिकवायला लागलेत, पावसाळी कांद्यासाठी आपलीच एन-५३ लावतात, जी निफाडला तयार झालेली जात आहे. त्यामुळे आता शुल्क शून्य केलं तरी २०२२ परत येईल असं धरून चालू नका. २०२५ च्या पावसाळ्यात शुल्क नव्हतं तरी भाव क्विंटलला हजार-पंधराशेतच रेंगाळला ना.

मंदाकिनी (बुधवार, सकाळी ९:१०)

म्हणजे गिऱ्हाईक घालवून बसलोय आणि आता शुल्क माफ करतोय. वा.

सदाशिवपेठी (बुधवार, सकाळी ११:२५)

मुदत देणं, आधी सांगणं याला माझी काहीच हरकत नाही हो, ग्राहक म्हणून मला त्याने फरक पडत नाही. बंदीचा हक्कच सोडून द्या म्हणाल तर मी तयार नाही. एखाद्या वर्षी अवकाळीने सगळाच कांदा गेला तर? पण निवडणुकीच्या कॅलेंडरवर बंदी लावू नका हे मी पण म्हणेन.

चांदवडकर (बुधवार, रात्री ९:०५)

सदाशिवपेठी, खरंच अवकाळीने गेला तर आमच्याकडेच विकायला नसेल, निर्यात कोण करतोय? तेव्हा भावच इतका असतो की बाहेरचा घेत नाही, बंदी लागतच नाही.

आकडेमोड, आवक हलवण्याचं खरं आहे, नाकारत नाही. मग एका बाजाराऐवजी लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर, पुणे आणि महुवा अशा पाच ठिकाणची सरासरी धरा, महुवा गुजरातचं घ्या म्हणजे पुन्हा त्यावरून भांडण नको. रीफरवाला, तुमचा तक्ता नीट मराठीत लिहून द्या, टप्पे आणि मुदत टाकून. आमच्या उत्पादक संघटनेची पुढच्या आठवड्यात बैठक आहे, तिथे ठेवतो. आमच्यातले अर्धे लोक म्हणणार शून्य म्हणजे शून्य, त्यांच्याशी भांडायला मला आकडे लागतील.

रीफरवाला (बुधवार, रात्री ९:३०)

उद्या संध्याकाळी टाकतो. टप्पे कुठे ठेवायचे त्यासाठी तुमचा उत्पादन खर्च कळवा, चाळीतली घट धरून आणि न धरून दोन्ही.

चांदवडकर (बुधवार, रात्री ९:३८)

घट न धरता क्विंटलला १६०० रुपये, धरून २२००-२३००. घरच्या माणसांची मजुरी त्यात नाही.

कपाशी_यवतमाळ (बुधवार, रात्री ९:५२)

ती पण धरा ना मग.